यमुनाक्का आणि फूटबोर्डवरची पोरं

चेन्नईत माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोललं ते माणूस म्हणजे खाकी कोटातली एक बस कंडक्टर.

अंबत्तूरला भाड्याची खोली घेऊन मला आठवडा झाला होता. ऑफिस एग्मोरला होतं, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागात. सकाळची पावणेआठची बस. त्या दिवशी धावतपळत चढले आणि लक्षात आलं, डबा खोलीवरच राहिला. "अगं बाई, डबा राहिला!" माझ्या तोंडून निघून गेलं. मागच्या दाराजवळच्या सीटवरून उत्तर आलं, "डबा राहिला तर राहूं दे. तूं राहिली नाहींस ना?"

वळून पाहिलं तर पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी, सावळी बाई. साडीवर खाकी कोट, गळ्यात शिट्टी, केसांत मोगरा, आणि कोटाच्या कॉलरला ओळीनं लावलेल्या आठ-दहा सेफ्टी पिना.

"तूं मराठी का गे?"

"हो. बार्शीची."

"तें कोठें?"

"सोलापूरजवळ."

"मज सोलापूर ठाऊक नाहीं. मज तंजावर ठाऊक," ती म्हणाली आणि एका म्हातारीला हात देऊन वर घ्यायला उठली.

तिचं नाव यमुनाबाई. तिचे पूर्वज तंजावरला केव्हा आले ते तिच्या घरात आता कुणालाच सांगता येत नव्हतं, पण मराठी टिकली होती. 'मला'ऐवजी 'मज', 'तुला'ऐवजी 'तुज', आणि प्रत्येक वाक्याला शेवटी तमिळ हेल. सगळी बस तिला 'अक्का' म्हणायची. आमच्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण, त्यांच्याकडेही तेच. मीही अक्का म्हणू लागले. पोरांशी ती अर्थातच तमिळमध्ये बोलायची. मला तमिळ कळायला सहा महिने लागले. तोवर तीच मला मधूनमधून मराठीत सांगायची.

तिचा नवरा त्याच डेपोत मेकॅनिक होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली. वीस वर्षं तिनं हा एकच रूट केला होता. त्या पिना कशाला, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "गर्दीत कोणाचें कांहीं ना कांहीं फाटतेंच." बायकांना साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. एखादी बाई ओशाळून "फुकटवालं द्या" म्हणाली की अक्का तिला शून्याचं तिकीट देता देता दटावायची, "फुकट म्हणू नकोस. तुझं आहे."

आणि होती ती फूटबोर्डवरची पोरं.

चेन्नईतल्या काही कॉलेजांना ही जुनी खोड आहे. वर्ग कुठला, विषय कुठला याला महत्त्व नाही, पोरगा कुठल्या रूटच्या बसनं येतो यावर त्याची टोळी ठरते. प्रत्येक रूटचा एक म्होरक्या असतो, त्याला 'तला' म्हणतात, म्हणजे डोकं. आमच्या बसमध्ये पंचवीस-तीस पोरं असायची. आत जागा असली तरी दारात लटकणार, पत्र्यावर थापा मारत गाणी म्हणणार, आपल्या रूटचा जयजयकार करणार. इथवर मजाच होती. पण दुसऱ्या रूटशी वैर असायचं, आणि ते कशावरून असं विचारलं तर कुणालाच सांगता यायचं नाही. कुणी कुणाच्या फोटोखाली काहीतरी लिहिलेलं असायचं, तेवढ्यावरून दगड निघायचे. कधी कधी कोयते निघायचे. पोरं तुरुंगात गेली होती, एकाच्या हाताची तीन बोटं गेली होती.

प्रत्येकाला रूटवर एक नवं नाव मिळायचं. आमच्या तलाचं नाव होतं 'टायगर'. अक्का ही नावं घ्यायची नाही. वीस वर्षांत बहुतेकांच्या आया तिच्याच बसनं कामाला गेलेल्या, काही पोरांना तर तिनं आयांच्या कडेवर पाहिलेलं. त्यामुळे ती आईच्या नावानं हाक मारायची. "सेल्वीच्या, आत ये. पुष्पाच्या, पाय वर घे." टायगर म्हणजे पुष्पाचा मणी. दाढीमिशीवाला, शर्टाची तीन बटणं उघडी टाकणारा हा गडी "पुष्पाच्या" म्हटलं की असा चेहरा करायचा की त्याचे शिष्य खिडकीबाहेर बघून हसायचे.

एका आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिकडे अवजारं-वाहनं पुजतात तेव्हा, तिनं या सगळ्यांना डेपोच्या दारात बोलावलं. "रोज ओरडता, बस आमची, बस आमची. मग धुवा." मॅनेजरनं डोक्याला हात लावला. पण पोरं आली. त्यांनी बस घासली, केळीचे खुंट बांधले, चंदनाचे पट्टे ओढले, चाकाखाली लिंबं ठेवली. पत्र्यावर ठिकठिकाणी पोचे पडलेले होते. एका पोरानं त्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "अक्का, हे आम्ही केलं?" अक्का म्हणाली, "मग काय मी केलं?" त्यानंतर थापा थांबल्या नाहीत, पण त्या पत्र्याऐवजी सीटच्या पाठीवर पडू लागल्या.

मी एकदा तिला विचारलं, "अक्का, चांगल्या घरची पोरं आहेत ही. कशाला असल्या टोळीत जातात?"

स्टॉप आला, गेला. मग म्हणाली, "मज नवरा गेला, अन् डेपोंत मी एकटी बाई. पहिले दिवशीं डबा घेऊन कोठें बसायचें तें कळेना. एका बाकावर युनियनवाल्यांची टोळी. त्यांतला एक म्हणाला, 'इकडे बस.' मी बसलें. दुसरे दिवशीं त्यांनीं सांगितलें, त्या ड्रायव्हराशीं बोलूं नको, तो दुसऱ्या युनियनचा. मी बोललें नाहीं. दोन वर्षें! तो चांगला माणूस होता गे. पण मज जेवायला जागा यांनीं दिलेली."

"मग?"

"मग काय. पहिले दिवशीं जो 'बस' म्हणतो, त्याचें होतें माणूस. मी तिशी ओलांडलेली बाई होतें. हीं तर अठराचीं."

"आणि तो ड्रायव्हर?"

तिनं हनुवटीनं पुढे दाखवलं. स्टिअरिंगवर दुरै अण्णा होते. अकरा वर्षं दोघं एकाच बसवर होती.

त्या पावसाळ्यात सेल्वीचा वेट्री कॉलेजला लागला. काडीसारखा पोरगा, शर्ट बहुधा थोरल्या भावाचा. पहिला आठवडा तो माझ्या मागच्या सीटवर पुस्तक उघडून बसला. दुसऱ्या आठवड्यात मणीनं दारातून हाक मारली, "काय रे, आमच्यात उभा राहायला लाज वाटते?" वेट्री उठून गेला. महिनाभरात तो एका हातानं लटकू लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलेला आहे, तो खोटा नव्हता.

मग एका सोमवारी वेट्री चढला आणि फूटबोर्डवर न थांबता आत आला. छातीशी एक लांबट बॅग घट्ट धरलेली. चेन्नईच्या बसमध्ये एक चांगली रीत आहे. उभ्या माणसाची बॅग बसलेला माणूस मांडीवर घेतो. अक्कानं हात पुढे केला. "दे."

"नको अक्का."

"दे म्हणते ना." तिनं ती ओढूनच घेतली. मांडीवर ठेवली आणि क्षणभर तशीच बसली. मग ती सीटखाली सरकवली आणि तिच्यावर दोन्ही पाय ठेवले. सरकताना लोखंडाचा आवाज झाला. तो मलाही ऐकू आला.

दारातलं गाणं थांबलं होतं. कॉलेजचा स्टॉप आला, पोरं उतरली. वेट्री हलेना. मणी खालून म्हणाला, "अक्का, त्याची बॅग."

"यात वह्या आहेत का रे?" अक्कानं वेट्रीला विचारलं.

त्यानं मान खाली घातली.

"वह्या नसतील तर ही तुझी नाही. बेवारस बॅग सापडली की मला डेपोत जमा करावी लागते. रजिस्टरमध्ये नोंद होईल. ज्याची असेल त्यानं कॉलेजचं ओळखपत्र दाखवावं, सही करावी आणि घेऊन जावी." तिनं शिट्टी मारली. दुरै अण्णांनी बस सोडली.

तिनं खरोखर तसंच केलं. ओळखपत्र घेऊन कुणीही आलं नाही. चार दिवसांनी डेपोनं ती बेवारस म्हणून पोलिसांकडे दिली. आत दोन कोयते निघाले. कुणाच्या नावावर केस झाली नाही. मला वाटलं, काय डोकं आहे या बाईचं! मी तसं म्हणालेही.

पण त्याच शुक्रवारी वेट्री आला तो डोळा सुजलेला, ओठ फाटलेला. बसमध्ये एकटाच मागे उभा राहिला. दारातल्यांपैकी कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं. अक्कानं तिकिटं फाडायची थांबवून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या शर्टाची बाही उसवली होती. तिनं कॉलरची एक पिन काढून ती लावून दिली.

माझ्याजवळ येऊन बसल्यावर म्हणाली, "मी बॅग ठेवून घेतली, अन् पोराला सोडून दिलें. हें उलट झालें गे."

तिला मी तेवढं खचलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या दिवशी तिनं मला आणखी एका पोराबद्दल सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वीचा, याच बसचा. रूटच्या भांडणातून खऱ्या गुंडांच्या हाताखाली गेला आणि आता तुरुंगात आहे. दिवाळीला ती त्याला भेटायला जाते. "त्याच्या आईशीं मी आधीं बोललें नाहीं," ती म्हणाली. "वाटलें, आपण कंडक्टर, आपणांस काय."

रविवारी ती मला सोबत घेऊन निघाली. आधी सेल्वीकडे. सेल्वी अंबत्तूरच्या एका शिवणकामाच्या कारखान्यात होती. पोराचा डोळा चेंडू लागून सुजला असं तिला वाटत होतं. खरं काय ते कळल्यावर रडली नाही, सरळ चप्पल पायात घातली. "चला, त्या मणीच्या घरी." अक्का म्हणाली, "तिथंच चाललोय. पण भांडायला नाही."

मणीचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. टायगर लुंगी वर खोचून, हापशावरून प्लास्टिकच्या घागरी भरून आणत होता. आम्हाला बघून एक घागर कलंडलीच. त्याची आई पुष्पा कॉलेजच्या मागच्या गल्लीत इडलीची गाडी लावायची. पहाटेची पहिली बस धरून जायची. सगळ्या रूटांची पोरं तिच्याकडे खायची आणि तिला इडली-अम्मा म्हणायची. त्यांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं की ती मणीची आई आहे. तीन वर्षांत मणी त्या गल्लीत एकदाही फिरकला नव्हता.

वेट्रीला का मारलंस, असं अक्कानं मणीला विचारलं नाही. विचारलं, "पोरं तुझं ऐकतात. तुला काय वाटतं, का ऐकतात?"

मणी उंबऱ्यावर बसला होता. नखानं सिमेंट खरवडत राहिला. "तीन विषय राहिलेत माझे," तो म्हणाला. "वर्गात सरांना माझं नाव माहीत नाही. बसमधून उतरलो की मला कुणी ओळखत नाही, अक्का. बसमध्ये तीस जण माझी वाट बघतात."

"आणि बुधवारी?"

मणीनं चमकून वर पाहिलं. दुसऱ्या रूटची पोरं बुधवारी कॉलेजच्या आधीच्या स्टॉपवर बस अडवणार, ही बातमी दुरै अण्णांनी दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून आणली होती. मणीला ती माहीत होती. कोयते त्याचसाठी होते.

पुष्पा आतून सगळं ऐकत होती. हात पुसत बाहेर आली. अक्का तिला आणि सेल्वीला म्हणाली, "सरकारनं बायकांना बस मोकळी केली आहे, ती नुसती कामाला जायला नाही. पोरं रोज कुठं जातात, कशी जातात, ते एकदा येऊन बघा. तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना सांगा."

सोमवारी पाच आया आल्या. मंगळवारी आठ. बुधवारी अकरा. कुणी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, कुणी घरकामाला उशिरा येते म्हणून सांगितलं होतं. खिडक्यांशी ओळीनं बसल्या. पोरं दारात होती, पण गाणं नव्हतं. पुष्पानं त्या दिवशी गाडीच लावली नव्हती.

तो स्टॉप दिसला. फुटपाथवर वीस-बावीस पोरं, सगळ्यांचे हात पाठीमागे. दुरै अण्णांनी आरशातून अक्काकडे पाहिलं. न थांबता निघून जाता आलं असतं. मीही पुटपुटले, "अक्का, नको थांबूस." तिनं थांबण्याची शिट्टी मारली.

बस थांबली. पुढे होऊन एकानं हात वर केला, हातात अर्धी वीट. आणि खिडकीत त्याला चेहरे दिसले. एक, दोन, सहा बायका. हात तसाच राहिला. तेवढ्यात पुष्पा उठली, दारातल्या पोरांना बाजूला सारत दारातून खाली उतरली. आम्ही कुणी तिला उतरायला सांगितलं नव्हतं. अक्काही उभी राहिली.

"इडली-अम्मा?" विटेवाला गोंधळला. "तुम्ही या बसमध्ये? आज गाडी का नाही लावली?"

"कशी लावू, प्रभू?" पुष्पा म्हणाली. "आज तुम्ही माझ्या मुलाला मारणार असं कळलं."

"तुमचा मुलगा कोण?"

ती वळली. "मणी, खाली ये."

मणी फूटबोर्डच्या दांड्याला धरून उभा होता. त्यानं एकदा आपल्या पोरांकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग उतरला आणि आईच्या शेजारी उभा राहिला. ती त्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती, पण त्या क्षणी तोच लहान दिसत होता.

"हा प्रभू," पुष्पा त्याला म्हणाली. "याला चटणी जास्त लागते."

प्रभूनं वीट झाडाच्या बुंध्याशी ठेवली. अगदी हळूच ठेवली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती आणि त्याला फक्त धरायला दिली होती. मागून कुणीतरी फसकन हसलं. हात एकेक करून पुढे आले, काही रिकामे, काही रिकामे होत.

"झालं असेल तर चढा!" अक्का दारातून ओरडली. "लोकांना कामं आहेत." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण खाली बसताना तिनं माझा हात धरला आणि पुढचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांनी स्टेशनवर दोन रूटांची पुन्हा धराधरी झाली आणि कॉलेजनं चार पोरांना निलंबित केलं. त्यात मणी होता. अक्का खाकी कोटातच प्राचार्यांच्या खोलीत गेली. "काढून टाकाल तर तो माझ्या बसमधून कमी होईल," ती म्हणाली, "पण रस्त्यावर राहीलच. तुमच्यापैकी एका सरांना रोज माझ्या बसमध्ये पाठवा. पोरांना नावानं ओळखणारं माणूस पाहिजे." प्राचार्यांनी महिनाभर टाळलं. अक्का दर शनिवारी जाऊन उभी राहायची. शेवटी निलंबन संपलं आणि अर्थशास्त्राचे एक तरुण सर अंबत्तूरहून आमच्या बसनं येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मणीला विचारलं, "तीन विषय कुठले?" मणीनं ते विषय तिथंच बसमध्ये, धक्के खात वाचून सोडवले. तोवर पहाटे आईबरोबर गाडीही लावली. आता तो शहराबाहेर ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यात आहे. वेट्री तिसऱ्या वर्षात गेला. कधी आत बसतो, कधी दारात लटकतो, आणि अक्काची हाक आली की आत येतो. आयांनी आठवड्याचे वार वाटून घेतले. सोमवारी सेल्वी, शनिवारी आणखी कुणी. अकरा जणींपैकी सात अजून येतात.

पुढे माझीही बदली ओरगडमला झाली. फोन व्हायचा. एका फोनवर अक्कानं सांगितलं की तिनं मॅनेजरकडे अर्ज करून रूट बदलून घेतला आहे. तिला मिळाला तो प्रभूचा रूट.

"अक्का, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. आता नवीन पोरं कशाला?"

"हीं झालीं आतां," ती म्हणाली. "तिकडे कोणी आई चढत नाहीं अजून."

परवा गावी जायला निघाले होते. एग्मोर स्टेशनसमोर रस्ता ओलांडायला उभी असताना समोर प्रभूच्या रूटची बस येऊन थांबली. दारात पोरांचा घोस लटकलेला. त्यांच्या मागे, आत, मला खाकी कोट दिसला. मी हात हलवून ओरडले, "अक्का! बार्शीला चाललेय!"

ती वाकून बाहेर बघू लागली. मला ओळखलं आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या भोंग्यांवरून, खणखणीत तंजावरी मराठीत ओरडली, "जाऊन ये गे! मज आंबे आण!"

लटकलेली पोरं चमकून मागे वळली. एकानं विचारलं, "अक्का, ही कुठली भाषा?"

सिग्नल सुटला. बस हलली. अक्का त्यांना काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही. पण ऐकायला म्हणून एक पोरगा आत सरकला, त्याच्या मागून दुसरा, आणि बस वळणावर गेली तेव्हा फूटबोर्ड रिकामा होता.